पैलवानाचं रक्त
स्पिरिटचा वास आला की तो पैलवान आठवतो. ऐंशी सालच्या सुमारास कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत मी रक्त काढायचे. तोंडाला फेस येईपर्यंत व्यायाम केल्यावर रक्तात पेशींबाहेर मोकळा फिरणारा डीएनए वाढतो का, हे आमचे सर तपासत होते. तालमीतून आलेल्यांत तोच निघाला, ज्यानं हळदीच्या आदल्या दिवशी माझ्या बहिणीशी ठरलेलं आपलं लग्न मोडलं होतं. त्यानं मला ओळखलं नाही. बैठका मारून त्याचे पाय लटपटू लागले. "बाई, बास की आता!" "दमला न्हाईसा अजून, मारा," मी म्हणाले. तो कोसळल्यावरच सुई टोचली आणि बहिणीचं नाव सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. रक्तातला वाढलेला डीएनए दुसऱ्या दिवशी उतरला. बहीण मात्र बिनलग्नाचीच राहिली. आज साठी उलटली, तरी वाटतं, आणखी शंभर बैठका मारायला लावायला हव्या होत्या.