हाडातले मणी

पोळ्यासाठी बैलांच्या माळेत पांढरे मणी ओवायला घेतले, की वाशीमचा तो दवाखाना आठवतो. नांगराचा फाळ लागून बाबांच्या नडगीचं हाड आतून चिघळलं होतं. त्यावरच्या कडक इंजेक्शनांनी त्यांच्या कानांत रातकिडे ओरडू लागले. असंच चाललं तर ऐकू येणं जाईल, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून औषधाचे विरघळणारे मणी थेट हाडातच ठेवायचं ठरवलं. औषध तिथल्या तिथं काम करणार, कान वाचणार. बाबा म्हणाले, “मणी आमी बैलाले बांधतो, तुमी मले बांधून राह्यले! आता नांगराले जुपता काय?” डॉक्टर खळखळून हसले. पाय बरा झाला, रातकिडेही थांबले. आज माळ बाजूला ठेवून मी पुरणपोळ्यांवरचं झाकण अगदी हळू उचललं, तर ओसरीवरून बाबांचा आवाज आला, “पयले बैल जेवतीन, मंग तू!”