वर्गात 'हजुर' म्हणायचं नाही

नेपाळातल्या बुटवलच्या आमच्या कोरियन भाषेच्या क्लासमध्ये मी वाचन शिकवायचो आणि खिमलाल पुन ऐकणं. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला हा गुल्मी जिल्ह्यातला माणूस, कानामागून आला आणि तिखट झाला. माझ्या तासाला मुलं जांभया द्यायची, त्यांच्या तासाला जागा मिळाली नाही तर जिन्यात बसायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

त्यांचा एक नियम होता. वर्गात 'हजुर' म्हणायचं नाही. आमच्या डोंगरात वडीलधारं माणूस बोलायला लागलं की दर वाक्याला 'हजुर, हजुर' करायची रीत आहे. कळलं नाही तरी 'काय म्हणालात?' असं विचारायचं नाही, तो उद्धटपणा होतो. हीच सवय घेऊन आमची माणसं कोरियात कामाला जातात आणि साहेबापुढे 'ने, ने' म्हणत नंदीबैलासारखी मान डोलावतात. 'ने' म्हणजे हो. म्हणून खिमलाल सर रेकॉर्डिंग मध्येच थांबवून कुणालाही उठवायचे. कळलं नसेल तर त्यानं कोरियनमध्ये मोठ्यानं म्हणायचं, "कळलं नाही, पुन्हा सांगा." ज्याच्या तोंडून हे वाक्य निघेना, तो तासभर उभा.

यामागचं कारण त्यांनी एकदा चिउरा, म्हणजे पोहे, खाता खाता सांगितलं.

"पितांबर भाई, कोरियात पत्रे ठोकायच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली. पहिल्याच दिवशी फोरमननं काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, ने. त्यानं परत सांगितलं. मी परत म्हटलं, ने. तो कानात घालायच्या बोळ्यांबद्दल सांगत होता."

"बाकीच्यांच्या कानात दिसले नाहीत?"

"दिसले की! मला वाटलं, गाणी ऐकतायत. दोन वर्षांनी उलगडा झाला." आणि ते पोटभर हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली. एकदा मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर पेपर तपासत बसलो होतो. रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकरची वायर निघाली. वर्ग एकदम शांत झाला. सर मात्र घड्याळाकडे बघत फेऱ्या मारतच राहिले, आणि मिनिटाभरानं म्हणाले, "हं, बोला, उत्तर काय?"

मुलांना वाटलं, सर परीक्षा बघतायत. मी गुपचूप वायर लावली. सगळी रेकॉर्डिंगं त्यांना पाठ होती, समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखत होते. ऐकणं शिकवणारा माणूस बहिरा! क्लासच्या मालकांना कळलं असतं तर त्याच दिवशी नारळ मिळाला असता, आणि त्यांचे दोन्ही वर्ग माझ्याकडे आले असते. मी कुणाला बोललो नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, माझं अजून ठरत नव्हतं.

माझ्याखेरीज आणखी एकीला ते कळलं होतं. दिलसरा घर्ती, वय अडतीस. कोरियात कामाला जायच्या परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात दोनदा नापास झालेली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची परीक्षा होती.

आठवड्याभरानं मालक दारात उभे राहून वर्ग बघत होते. सर फळ्यावर लिहीत होते. दिलसरानं मागून विचारलं, "सर, शेवटच्या प्रश्नात ती बाई नक्की काय मागतेय?"

पाठीमागे कुणीतरी बोललंय एवढं त्यांना जाणवलं असावं. ते वळून गोड हसले. "हजुर, हजुर."

वर्ग खिदळला. सरांनी स्वतःचाच नियम मोडला होता! दिलसरा मात्र हसली नाही. उठून थेट टेबलापाशी गेली.

"सर, मी काय विचारलं?"

सरांनी खडू बोटांत फिरवला.

"मग ते वाक्य म्हणा. आम्हाला तासभर उभं करता ना?" तिनं वही टेबलावर ठेवली. "माझं वय संपत आलंय, सर. माझा प्रश्नच तुमच्यापर्यंत पोचला नाही, तर मला उत्तर कुठून मिळणार?"

सरांनी दारातल्या मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि शिक्षा झालेल्या मुलासारखे ताठ उभे राहून कोरियनमध्ये म्हणाले, "कळलं नाही, पुन्हा सांगा."

दिलसरानं त्यांच्या तोंडासमोर उभं राहून पुन्हा विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, तिनं वहीत लिहून घेतलं. मालक निघून गेले.

संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. "बहिरा ऐकायला शिकवतो म्हणून समोरचे क्लासवाले आपली टर उडवतील. उद्यापासून त्याचे वर्ग तू घे. काय?"

मालक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. जन्मात मी त्यांच्यापुढे दुसरा शब्द काढला नव्हता. 'हजुर' अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणालो, "कळलं नाही, पुन्हा सांगा."

मालक माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा त्यांनी सांगितलं नाही.