गोठ्यातली गाडी

शेजारच्या काकांनी बैल विकले आणि रिकाम्या गोठ्यात एक गंजलेली अ‍ॅम्बॅसिडर आणून उभी केली. राहुरीच्या भंगारवाल्यानेही तिला नको म्हटलं होतं. काका मात्र रोज सकाळी चहाचा कप बॉनेटवर ठेवून पॉलिश पेपरने गंज घासायला बसायचे. मध्येच पत्र्यावर बोटाने टकटक करायचे, कान लावायचे आणि तिलाच सांगायचे, "हितं लई पोकळ झालीयस बघ."

"काका, ही चालणार का?" असं मी विचारलं की मान वर न करता म्हणायचे, "चालंल की. तिला काय धाड भरलीय?"

पोळ्याच्या दिवशी सकाळी इंजिन खरंच सुरू झालं. गोठा धुराने भरला आणि गल्ली दारात गोळा झाली. नव्या रंगाने गाडी लखलखत होती. पण बॉनेटच्या दोन्ही बाजूंना हळद-तुपाचे पिवळे हात उमटले होते, आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात तसे. एवढ्या चांगल्या रंगावर तूप बघून माझाच जीव कळवळला.

"चला काका, वेशीपर्यंत जाऊन येऊ," म्हणत मी दार उघडून एक पाय आत टाकला.

काकांनी शांतपणे चावी फिरवून इंजिन बंद केलं. काकूंनी पुरणपोळीचं ताट पुढच्या चाकापाशी आणून ठेवलं.

"आज न्हाई," काका म्हणाले. "पोळा हाय. आज कुनाला जुपत न्हाईत."

मी आत टाकलेला पाय गुपचूप बाहेर काढला.