न ठेवलेला पासवर्ड

भूत, करणी, बाहेरचं काही... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. इंदापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मशीन आपोआप चालू होतंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, मशीनला भूत लागत नाही, धूळ लागते. तेव्हा खाली कमेंटमध्ये कुणी अक्कल पाजळू नका. जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि आजही आठवलं की भीतीच्या आधी मला राग येतो.

माझा थोरला भाऊ, दादा, कॅन्सरने गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याची मुलगी स्वरा तेव्हा दोन वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत त्याने तिच्यासाठी व्हिडिओ करून ठेवले... प्रत्येक वाढदिवसाला एक, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. सांगवीच्या घरी त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते आहेत. वहिनी वर्षातून एकदा तो फोल्डर उघडते, त्या वर्षाचा व्हिडिओ लावते आणि बंद करते. कॉपी करू का म्हणून मी एकदा विचारलं होतं. "त्यांनी हितं ठिवलंय, हितंच राहू द्या," म्हणाली. आणि साऱ्या तालुक्याला बॅकअप घ्या म्हणून सांगणारा मी, बरं म्हणून गप्प बसलो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

स्वराच्या आठव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मी सांगवीला गेलो. मशीन फार हळू चालत होतं. मला कुणी काही सांगितलं होतं का? नाही. तरी नसता शहाणपणा केला आणि बायोस अपडेट मारला. बायोस म्हणजे मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. अपडेटनंतर त्यातली आपण केलेली सेटिंगं उडतात, हे या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आधी सेटिंगं बघून ठेवायचा मी कंटाळा केला. विंडोज सुरूच होईना. कॅबिनेट उघडलं तर आत दोन हार्डडिस्क... दादाने त्या जोडून एक केल्या होत्या. त्यासाठी डिस्कचा मोड 'रेड' लागतो. अपडेटनं तो 'एएचसीआय', म्हणजे सुट्या डिस्कचा, करून टाकला होता.

मोड परत रेड केला, सेव्ह केलं, रिस्टार्ट. बघतो तर परत एएचसीआय. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"भावजी, काय झालं?" वहिनी दारातून म्हणाली.

"काय न्हाय, एक सेटिंग हाय."

माझ्या आवाजावरूनच ती काय ते समजली. मी मशीन गाडीत ठेवलं तर ही आधीच गाडीत बसलेली. "मशीन जाईल तितं मी येणार." सांगवी ते इंदापूर एक हात मशीनवर ठेवून बसली.

दुकानात सगळं करून पाहिलं. सेटिंगं धरून ठेवणारा बोर्डावरचा सेल बदलला. नवा सेल, मी स्वतः पाकीट फोडून घातला! रॅम काढून लावली. जुना बायोस परत टाकला. सात वेळा रेड केलं आणि सातही वेळा ते एएचसीआयवर गेलं. त्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या तर म्हणतंय, डिस्क कोऱ्या दिसतात, नव्याने तयार करू का? तिथं एकदा 'हो' दाबलं असतं तर स्वराचा बाप दुसऱ्यांदा गेला असता.

शेजारचा मोबाइलवाला रफीक डोकावला. "आरं, किती जीव काढतो? मार फॉरमॅट!"

"गप ए!" मी त्याच्या अंगावरच धावलो. मग वहिनीवर ओरडलो, "तुमाला शंभरदा सांगितलं हुतं, कॉपी करू द्या म्हणून!" धडधडीत खोटं. पण तोंडातून गेलं.

वहिनी स्टुलावरून उठली. मला बाजूला सारून माझ्या खुर्चीत बसली. रिस्टार्ट केलं, बायोस उघडला आणि स्क्रीनवर चौकट आली... पासवर्ड टाका. सकाळपासून मला त्या मशीनने एकदाही पासवर्ड विचारला नव्हता! वहिनीला माऊसने फोल्डर उघडण्यापलीकडे काही येत नाही. तिने दोन्ही हातांनी, खाली न बघता, दादा करायचा तसं झराझरा टाइप केलं. अकरा ठिपके मी मोजले. मोड रेड केला, सेव्ह केलं. मशीन सुरू झालं आणि समोर दादाचा डेस्कटॉप आला.

"वहिनी... पासवर्ड काय टाकला तुमी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच येडा झालोय. "मी कशाला हात लावू? तुमीच केलं न्हवं का आत्ता?"

"आरं, तूच बसलेला खुर्चीत," रफीक म्हणाला. "वहिनी तर हितं स्टुलावर हाय कवापासनं."

ती खरंच स्टुलावर होती. मी खुर्चीत होतो. मी शिव्या घालत बायोस पुन्हा उघडला. पासवर्डच्या जागी लिहिलेलं... ठेवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगवीत व्हिडिओ लागला. दादा खुर्चीत, डोक्याला कानटोपी. "स्वरा, आठ वर्षांची झालीस व्हय गं?" म्हणाला आणि थांबला. तिच्या उत्तरासाठी त्याने जागा ठेवली होती. "व्हय बाबा," ती म्हणाली. "उंची वाढली का?" परत थांबला. ती उठून उभी राहिली, स्क्रीनजवळ गेली. आईचं ऐक, आजीला तरास देऊ नको... त्याने सगळ्यांची नावं घेतली. मी दाराला टेकून माझ्या नावाची वाट बघत होतो. आलं नाही.

आता वहिनीने कॉपी करू दिली आहे, तीन ठिकाणी ठेवली. बोर्ड खराब असेल म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, मग चार महिने तो मोड टिकलाय कसा? डोक्यावर परिणाम झाला असेल म्हणणाऱ्यांनी सांगावं, ते अकरा ठिपके कुणाचे? खरं सांगू? मला ते उत्तर नकोच आहे. माझा राग वेगळाच आहे. दादा, तू आला असशील तर माझ्या दुकानात आलास, माझ्या खुर्चीत बसलास, मी तिथंच होतो रे! बायकोचं काम केलंस, पोरीचं केलंस. सहा वर्षांनी आलास आणि मला एक शिवीसुद्धा न हासडता गेलास.