तिसऱ्या मजल्यावरचा आवाज

भाऊसाहेब रणदिवे भाजी घ्यायला कधी खाली उतरले नाहीत. दिल्लीच्या मयूर विहारातल्या त्यांच्या सोसायटीला लिफ्ट नव्हती आणि गुडघे कुरकुरत होते, हे खरंच. पण मुख्य कारण वेगळं होतं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून खालच्या ठेलेवाल्याशी घासाघीस करण्यात त्यांना मौज वाटायची. "भैया, गोभी कैसे दी?" असं त्यांनी विचारलं, की मागच्या ब्लॉकमधल्या बायकांनाही गोभीचा भाव कळायचा. मग दोरीला बांधलेली पिशवी खाली जायची, भरून वर यायची, आणि त्यांच्या पत्नी, साधनाताई, स्वयंपाकघरातून विचारायच्या की झालं का जगाला सांगून.

या आवाजाचा मिनिस्ट्रीत काही उपयोग झाला नाही. तिथे माणूस जितका हळू बोलेल तितका वर चढतो, आणि भाऊसाहेब सेक्शन ऑफिसर होऊन थांबले, तिथूनच रिटायर झाले. त्यांच्या आवाजाचं चीज केलं ते मराठी मंडळानं. गणपतीचे सगळे दिवस निवेदन त्यांचं, मंत्रपुष्पांजली त्यांची, हरवलेल्या चपलेची सूचनासुद्धा त्यांचीच. माइक बंद पडला तर मंडळी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी अक्षता. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी कसं असतं ते आपण ऐकलेलं आहे. चार शब्द मराठी, मग 'यार', मग हिंदीचा सरळ रस्ता. अक्षताचं तसं झालं नाही, कारण लहानपणापासून घरात बाप चोवीस तास खणखणीत मराठी बोलत होता आणि कान बंद करायची सोय नव्हती. त्या मराठीवरच तिला नोकरी लागली. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणारी एक कंपनी होती, तिच्या तक्रारींच्या फोनवर महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांशी बोलायचं. ऑफिस नोएडाला. सोलापूरच्या बाईला वाटायचं आपण पुण्याशी बोलतोय, आणि इकडे अक्षता जमुनेच्या काठी बसून तिला फ्रिजचा प्लग काढायला सांगत असायची.

पुढे कंपनीनं मराठी विभाग घरूनच चालवायचं ठरवलं. अक्षताला आनंद झाला. मेट्रोतली धक्काबुक्की गेली, डब्याची घाई गेली, दुपारी आईच्या हातचं गरम जेवण आलं. फक्त एक अट होती. प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, त्याला गुण मिळायचे, आणि मागून घरातला आवाज आला की गुण कापले जायचे. कुकरची शिट्टी, कुत्रं, बेल, टीव्ही, कशालाही माफी नव्हती. गुण फार घसरले की नोकरी जाणार, हे कंपनीनं गोड भाषेत लिहून कळवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात अक्षता सांगलीच्या एका गृहस्थांना समजावत होती की बर्फ का साचतो, आणि बाल्कनीतून भिंडीच्या भावावर घनघोर युद्ध सुरू झालं. ते गृहस्थ भले होते. ते हसून म्हणाले, ताई, अर्धा किलो आमच्यासाठी पण सांगा. कंपनी मात्र हसली नाही. तिचा टीम लीडर प्रतीक, हा नागपूरचा मुलगा, त्यानं तिला समजवायला फोन केला. तो म्हणाला की तुझ्यासारखं मराठी आपल्याकडे कुणाचंच नाही, पण घर शांत ठेव यार, अजून एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

त्या संध्याकाळी घरात बैठक झाली. अक्षताला वाटलं होतं बाबा चिडतील. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, थोडा वेळ विचार केला आणि जन्मभर जे केलं तेच केलं. त्यांनी नियम काढले. अक्षताच्या खोलीचं दार लागलं की ऑफिस सुरू. ऑफिसात कुणी ओरडतं का? नाही. मग इथेही नाही. कुकर सकाळी लवकर लावायचा, बेलची वायर काढून टाकायची, फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचं. "आपल्या पोरीचं ऑफिस आपल्या घरात आलंय," ते साधनाताईंना म्हणाले. "मान ठेवायला नको?"

आणि त्यांनी तो ठेवला. सरकारी माणूस नियम पाळायला बसला की देवाचंही ऐकत नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब घरात अनवाणी फिरू लागले, कारण चपला फटफटायच्या. पेपर मोठ्यानं वाचणं बंद. शिंक आली की तोंडावर टॉवेल. ठेलेवाल्याला ते वरून बोटांनी भाव विचारायचे, तो खालून बोटं दाखवायचा, आणि घासाघीस न करता पिशवी वर यायची. ठेलेवाल्यालाच ते पटेना. एकदा त्यानं वर येऊन साधनाताईंना हळूच विचारलं, की अंकलजी नाराज हैं क्या?

साधनाताईंनाही सुरुवातीला बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी घरात दोन मिनिटं शांतता होती. नवरा म्हातारपणी शहाणा झाला असं त्या शेजारणींना सांगायच्या. नवरा-बायकोत खुणांची एक भाषाच तयार झाली. चहा हवा असला की अंगठा वर, भात पुरे म्हणून तळहात आडवा. हसू आलं तरी आवाज न करता हसायला दोघंही शिकले.

पुढे अक्षताची वेळ दुपारी एक ते रात्री दहा झाली, आणि बोलायच्या हक्काची संध्याकाळही गेली. दिवेलागणीला म्हटलेलं रामरक्षेचं स्तोत्र ओठांतल्या ओठांत होऊ लागलं. सकाळी दार उघडं असायचं, पण सकाळी अक्षता झोपलेली असायची. दिवसभर लोकांचे त्रागे ऐकून तिचे कान इतके शिणायचे, की सुटीच्या दिवशी बाबा जरा मोठ्यानं बोलू लागले की तीच म्हणायची, बाबा, हळू ना, डोकं ठणकतंय. ते लगेच हळू व्हायचे. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच हळू बोलत होते.

गणपती जवळ आले तेव्हा मंडळाचे लोक निवेदनाचं विचारायला आले. जिन्यातच उभं राहून भाऊसाहेबांनी हात जोडले आणि या वर्षी नव्या मुलांना संधी द्या म्हणून सांगितलं. घरी सगळ्यांना त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. ते गरम पाणी जास्त प्यायला लागले होते, घसा खाकरताना बाथरूममध्ये जाऊन नळ सोडत होते. हे दिसत सगळ्यांना होतं. हे सगळं नियमातच बसणारं होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

इकडे अक्षताचं नाव वर चढत होतं. तिच्या फोनवर माणूस शांत व्हायचा, ओरडत आलेला आभार मानून जायचा. शांत घराचे तर तिला महिन्यामागून महिने पूर्ण गुण. शेवटी कंपनीनं तिला बढती दिली आणि नव्या मुलांना शिकवायचं काम दिलं. त्याच सुमारास प्रतीकनं कळवलं की सगळ्यांसाठी एक ऑनलाइन कार्यक्रम ठेवलाय, विषय आहे घरून काम करताना यश आणि तोल कसा सांभाळावा, आणि बोलणार आहेस तू.

अक्षतानं खूप विचार केला. आपण काय वेगळं केलं? वेळेवर उठले, टेबल खिडकीपाशी ठेवलं, दुपारी जेवताना फोन बाजूला ठेवला. हे तर कुणीही करतं. प्रामाणिकपणे पाहिलं तर तिचं यश भिंतीपलीकडे अनवाणी फिरत होतं. तेव्हा तिनं ठरवलं की शेवटी बाबांनाच दोन शब्द बोलायला लावायचं. त्यांना परत एकदा माइक मिळेल, लोक ऐकतील. तिला स्वतःलाही तो आवाज ऐकायचा होता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

भाऊसाहेबांना तिनं सांगितलं तेव्हा ते आधी नको नको म्हणाले. मग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वेळेच्या कितीतरी आधी तिच्या खोलीच्या बाहेर स्टुलावर येऊन बसले. साधनाताईंनी त्यांच्यासाठी मध घातलेलं गरम पाणी आणून ठेवलं. दार लागलेलं होतं, म्हणून ते पेलासुद्धा बेतानं खाली ठेवत होते.

अक्षता छान बोलली. पडद्यावर लहान लहान चौकोनांत माणसं माना डोलावत होती. शेवटी तिनं सांगितलं की माझ्या कामाचं अर्धं श्रेय ज्यांचं आहे ते माझे बाबा, आणि त्यांचा आवाज आमच्या मयूर विहारात सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं दार उघडून त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. भाऊसाहेबांनी नमस्कार केला, मंडळात करायचे तसाच. छातीत हवा भरली आणि बोलू लागले.

फसफस असा काहीतरी आवाज आला. मध्येच एखादं अक्षर उमटायचं आणि विरायचं. चौकोनांतली माणसं कानाला हात लावून पुढे झुकली. प्रतीक हसत म्हणाला, "अक्षता, अंकलचा माइक चेक कर ना, आवाज कट होतोय."

तिनं वायर काढून परत लावली. आवाजाचं बटण वाढवलं. मग स्वतःच्या कानावरचा हेडफोन उतरवून त्यांच्या डोक्यावर बसवला, माइक त्यांच्या ओठांजवळ आणला. भाऊसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला. तीच फसफस. कुणीतरी लिहून पाठवलं की नेटवर्कचा इशू असेल. अक्षता मात्र त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होती, आणि तिथे मध्ये ना माइक होता ना नेटवर्क.

तिनं लॅपटॉप मिटला. कार्यक्रमाचं काय झालं हे तिला आजही माहीत नाही.

"बाबा, आता ऑफिस बंद आहे," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला. मला हाक मारा."

त्यांनी तोंड उघडलं. 'अक्षता' असं त्यांचे ओठ हलले. ते ओशाळून हसले आणि फसफसत, हातवारे करत सांगितलं की बराच काळ वापर नाही ना, गंज चढलाय, चार दिवस बोललो की सुटेल. दारात उभ्या असलेल्या साधनाताई त्या हसण्याकडे पाहत राहिल्या. 

दुसऱ्या दिवशी सरकारी डिस्पेन्सरीतून चिठ्ठी घेऊन ते तिघं मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथे इतका गोंगाट होता, की तिघांनाही तो सोसेना. डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून घशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पडद्यावर अक्षताला दाखवलं. स्वरतंतूवर एक गाठ होती. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या, त्याआधी काही सांगत नाही. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर लगेच दाखवायचं असतं, हेही त्या बोलून गेल्या. मग त्यांनी पेन उचललं.

"आवाज़ कब से ऐसी है?"

अक्षता दिवसभर लोकांना हेच विचारायची. हा प्रॉब्लेम तुम्हाला कधीपासून येतोय? अडाण्यातला अडाणी माणूस सांगायचा, परवापासून, दिवाळीपासून, लाइट गेली त्या दिवसापासून. फ्रिजची घरघर बदललेली लोकांना त्याच रात्री कळायची. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. गणपतीच्या आधीपासून? उन्हाळ्यात? तेव्हा तर सगळे कुजबुजतच होते. कुजबुजताना सगळ्यांचा आवाज एकसारखाच येतो. तिनं बाबांकडे पाहिलं, तर त्यांनी खांदे किंचित उचलले. त्यांनाही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांना ते सांगायचं नव्हतं.

"पता नहीं," अक्षता म्हणाली. डॉक्टरांनी रकाना मोकळा सोडला.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर साधनाताईंचा बांध फुटला. त्या मोठ्यानं रडू लागल्या, हमसून हमसून, आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले इतक्या मोठ्यानं. कितीतरी महिन्यांत त्या घरातल्या कुणाचा असा पूर्ण आवाज अक्षतानं ऐकला नव्हता. तिला त्यांना जवळ घ्यायचं होतं. त्याच वेळी तिच्या हातातला फोन वाजला. प्रतीक होता, कालपासून विचारत होता काय झालं. आज येणार नाही एवढं सांगून टाकावं म्हणून तिनं फोन कानाला लावला.

भाऊसाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी घाईनं बायकोचा हात धरला, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी अक्षताच्या फोनकडे खूण केली.

साधनाताईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या लगेच गप्प झाल्या.