बाळाचा पिवळा रंग

बहीण आम्ही आत्याच्याच घरी दिली होती. घरची मुलगी घरातच राहिली, असं वडील भेटेल त्याला सांगत. पहिल्या बाळंतपणाला ती केळझरजवळच्या आमच्या गावी आली. बाळ जन्मलं आणि दोन-तीन दिवसांत हळद फासल्यासारखं पिवळं झालं.

काविळीची माळ घालणारा आला. त्याने हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून बाळाला माळ घातली. माळ लांबेल तशी कावीळ उतरते म्हणे. काडी वाळली की आकसते, दोरा सैल पडतो आणि माळ लांबते. हे मी बोललो, तर सुनेजवळ राहायला आलेली आत्या म्हणाली, "तू आपले बुकं वाच. उतरून राह्यली, दिसत नाई तुले?" माळ बेंबीपर्यंत आली होती. बाळ होतं तेवढंच पिवळं होतं.

बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं होतं. उजेडाने डोळे आणखी पिवळे होतात, हे आत्याचंच शास्त्र. बाहेर बारशाचा मांडव ट्यूबलाइटांनी झगमगत होता. वडील गावचे सरपंच, त्यामुळे लाउडस्पीकरही होता. त्यावरून एका पुढाऱ्याने बाळाला न पाहताच त्याच्या तेजस्वी कांतीचं कौतुक केलं.

आत बहीण मला म्हणाली, "भाऊ, हा पिऊनच नाई राह्यला. पाह्य, पाठ कशी ताठ करते."

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहुणे जेवून जाऊ दे."

सकाळच्या बसने वर्ध्याला नेलं. तपासण्या झाल्यावर वडिलांनी डॉक्टरांना विचारलं, "सायेब, खाण्यापिण्यात काई चुकलं काय?"

"नाही. याच्या यकृतात एक एन्झाइमच नसावं. रक्त जुनं झालं की त्यातून पिवळा रंग निघतो. तो पित्तातून बाहेर जाण्याजोगा करायचं काम त्या एन्झाइमचं. नुसत्या उजेडात ठेवलं असतं, तरी थोडा निघाला असता. आता तो मेंदूत शिरलाय." मग डॉक्टरांनी विचारलं, "नवरा नात्यातला?"

"माह्या सख्ख्या बहिणीचा मुलगा," वडील सवयीच्या अभिमानाने म्हणाले.

"आईबाप दोघांच्याही रक्तात हा दोष असला, तरच मूल असं होतं."

बाळाचं रक्त बदललं. डोळ्यांना पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. रंग हळूहळू फिकट होत गेला. बहिणीने नर्सला विचारलं, "रंग तं गेला ना बाई, मग हा रडत काऊन नाई?" नर्सने पट्टी नीट केली आणि ती दुसऱ्या पाळण्याकडे गेली.

आठवडा संपायच्या आत तो गेला. दुपट्यात गुंडाळून बाहेर आणला, तेव्हा चांगला उजळ दिसत होता. आत्याने कापड बाजूला करून पाहिलं.

"नाकडोये पाह्य दादा, तुह्यावरच गेला व्हता," ती म्हणाली.

वडील तोंड फिरवून बसची वाट पाहू लागले.