अप्पा बसले की गाडी बंद

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी बायको लग्न झाल्यापासून म्हणते. त्या तोंडानं एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरच्या गाडीतून उतरवलं, हे मात्र मी तिलाही पुरतं सांगितलेलं नाही.

हुमनाबादला हायवेच्या कडेला माझं गॅरेज. कार्बोरेटरच्या गाड्यांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. मग हैदराबादच्या नोकरदारांनी वापरून सोडलेल्या इंजेक्शनच्या गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. कार्बोरेटर गायब! त्याच्या जागी वायरी, सेन्सर आणि एक बंद डबा, ज्याला सगळे कंप्युटर म्हणायचे. बॉनेट उघडून मी त्या डब्याकडं बघत बसायचो. पण मिस्त्रीनं एकदा 'मला कळत न्हाई' म्हटलं की त्याचं दुकान उठलंच समजा, म्हणून मी गप्प राहायचो.

निर्ण्याच्या एका शेतकऱ्यानं अशीच जुनी गाडी घेतली. माझ्यापेक्षा थोडा मोठा, मी त्याला अण्णा म्हणायचो. बायकोपोरांना घेऊन तो सगळीकडं फिरला, गाडीनं कधी कुरकुर केली नाही. पण त्याचे वडील बसले की गावाची वेस ओलांडायच्या आत गाडी बंद. ते उतरून बाजूला उभे राहिले की चालू. परत बसले की परत बंद! या अप्पांची जागा ठरलेली होती, मागं, डाव्या खिडकीशी, कारण तंबाखूची पिंक टाकायला त्यांना तीच खिडकी लागायची. दुसरं कुणी तिथं बसत नव्हतं. अंगानं दांडगा माणूस, वजन क्विंटलला चार किलो कमी.

गाडी माझ्याकडं आली. मी प्लग बदलले, फिल्टर बदललं, हवेचा रस्ता धुऊन काढला. अप्पांना बसवून किल्ली मारली तर गाडी ढिम्म. तिसऱ्या दिवशी माझं डोकं सणकलं. म्हटलं, "अण्णा, गाडीत काय बी न्हाई बघा. अप्पांलाच उतरवा, हैदराबादपातूर पळती का न्हाई बघा!"

अहो, चेष्टा होती ती! मला जमत नव्हतं, ते झाकायला काहीतरी बोललो. पण अण्णा हसला नाही. तो गाडी घेऊन बिदरला गेला. तिथल्या माणसानं कंप्युटरला मशीन लावलं आणि सांगितलं, एकसुद्धा फॉल्ट दिसत नाही.

झालं! मिस्त्री म्हणतो गाडीत दोष नाही, मशीन म्हणतं गाडीत दोष नाही, मग दोष राहिला कुणात? अप्पा सत्तरीत पांढऱ्या पायाचे ठरले. ते रस्त्यानं चालले होते आणि पिठाची गिरणी बंद पडली. वीज अख्ख्या तालुक्याची गेली होती, पण ते कोण बघतो. शेजारचा तर विहिरीवरची मोटर चालू करायच्या आधी विचारायला लागला, "अप्पा घरात हाईत न्हवं?"

महिन्याभरानं अप्पा एकटेच बसनं माझ्याकडं आले. स्टुलावर टेकले. चहा मागवला तर नको म्हणाले.

"नातीचा साखरपुडा हाय परवा, मुडबीला, नवऱ्या पोराच्या घरी," ते म्हणाले. "मला म्हनायलेत, तुमी बसनं मागून या. जेवायच्या वक्ताला."

"कामून?"

"कामून इचारायलास व्हय? कुंकू लावताना मी नको त्यांला." ते माझ्याकडं बघत राहिले. "तू तोंडानं घातलंस हे खूळ. तूच काढ आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णाला फोन करून बोलावून घेतलं. तो बाजाराला तूर घेऊन निघाला होता, डिकीत क्विंटलचं पोतं. पोतं बघितलं आणि डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. दोघांनी उचलून ते मागं डाव्या खिडकीशी बसवलं. या गाड्यांत किल्ली अर्धी फिरवली की मागून पेट्रोलचा पंप दोन सेकंद घूं करतो. फिरवली. आवाजच नाही. पोतं काढलं, घूं. ठेवलं, गप्प.

मी तिथंच नाचलो. "अण्णा! आता तूर बी पांढऱ्या पायाची हाय का ओ?"

अण्णानं गंभीरपणे पोत्याकडं बघितलं. "मिस्त्री, पोतं अप्पांच्याच रानातलं हाय," तो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. सीट उचलली. खाली पंपाची वायर सीटच्या सळईत सापडून आतल्या आत तुटली होती. वरून रबर धड, म्हणून दिसत नव्हतं. वजन पडलं की टोकं लांब व्हायची, पंप बंद. उठलं की टोकं चिकटायची. इतकंच! वायर जोडली, टेप मारला, सळईपासून लांब बांधून टाकली. पोतं बसवलं, घूं. अप्पांना बसवलं, घूं. अण्णानं मान डोलावली. मला वाटलं, मिटलं.

साखरपुड्याच्या सकाळी त्याचा फोन. "मिस्त्री, तुमी बी चला. वाटंत काय झालं तर..."

गेलो. पुढं अण्णा आणि त्याची बायको, मागं उजवीकडं नवी साडी नेसलेली नात, डावीकडं अप्पा आणि मधे मी, मांडीवर पान्यांची पेटी. गाडी सुरेख पळत होती. बसवकल्याण मागं पडलं तसा अण्णा बायकोला हळूच म्हणाला, "मिस्त्री संगट हाय म्हनून चालायलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दिवसात ज्यांनी माझी चेष्टा खरी मानली, त्यांना डोळ्यांदेखत जोडलेली वायर पटत नव्हती! निदान अप्पांच्या तोंडावरचं समाधान तरी बघू म्हणून मी डावीकडं वळलो.

नवं धोतर, नवा पटका. कपाळावर घाम. दारावरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. मी खाली बघितलं. अप्पा सीटवर बसलेलेच नव्हते. सीटमध्ये आणि त्यांच्यात चार बोटांचं अंतर होतं आणि मांड्या लटलट कापत होत्या.

"अप्पा," मी हळूच म्हटलं, "बसा की. दुरुस्त झालीय गाडी."

"व्हय की," अप्पा नातीकडं बघत म्हणाले. "हिचं कुंकू होऊ दे. येताना बसतो."